कंपनी ऑफ हीरोज ऑनलाइन खेळायला घेतलाय? आधी पळायला शिका

पहिली ऑनलाइन मॅच मी हरलो तेव्हा मला पटेचना की हरलोय. मारलेल्या सैनिकांचा आकडा माझा जास्त, समोरच्याचे दोन रणगाडे उडवलेले, तिसरा धूर काढत पळालेला, मी खुर्चीत सरसावून बसलेलो की आता याच्या बेसमध्येच घुसतो, आणि अचानक स्क्रीन थांबली आणि पराभव असं आलं. म्हटलं गेममध्ये काहीतरी गडबड झाली असणार. गडबड काही नव्हती, गेम नक्की कशाचा आहे हेच मला कळलं नव्हतं. नवीन येणारे जवळजवळ सगळेच असं हरतात आणि मग तेच सात-आठ प्रश्न विचारतात, म्हणून म्हटलं एकदाच बसून लिहून टाकू.

ज्यांना अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या रेलिक स्टुडिओचा हा दुसऱ्या महायुद्धावरचा रिअल टाइम स्ट्रॅटेजी गेम, म्हणजे बुद्धिबळासारखं तुझी चाल माझी चाल असं नाही, दोघंही एकाच वेळी हलत असतात आणि तुम्ही विचार करत बसलात तरी समोरचा थांबत नाही. पहिला भाग सप्टेंबर २००६ चा, दुसरा जून २०१३ चा, तिसरा फेब्रुवारी २०२३ चा. मी सगळ्यात जास्त दुसरा खेळलोय म्हणून खाली आकडे आले तर ते त्यातले धरा, पॅचमध्ये म्हणजे गेमच्या अपडेटमध्ये आकडे मागेपुढे होत राहतात पण मूळ गणित तिन्हीकडे तेच आहे.

तर पहिला प्रश्न, जिंकतात कसं. नकाशाच्या मधोमध साधारण तीन व्हिक्टरी पॉइंट असतात, सगळे त्यांना व्हीपी म्हणतात. दोन्ही बाजूंना सुरुवातीला प्रत्येकी ५०० गुण असतात, आणि ज्याच्याकडे कमी व्हीपी आहेत त्याचे गुण गळत जातात. तुमच्याकडे दोन आणि त्याच्याकडे एक, तर त्याचे गळणार, एकेक असतील तर कोणाचेच नाही, तिन्ही एकाकडे गेले तर समोरच्याचे भराभर. शून्य झालं की संपलं. बेसमधल्या सगळ्या इमारती पाडूनही जिंकता येतं पण ते सहसा तेव्हाच होतं जेव्हा समोरचा आधीच मेलेला असतो. आता यात मारलेल्या माणसांचा हिशेब कुठे आला? कुठेच नाही. मी त्या पहिल्या मॅचमध्ये एका बाजूच्या जंगलात जीव तोडून लढत होतो आणि त्या माणसाने एक फाटकी स्क्वाड, म्हणजे एकत्र हलणारी चार-सहा सैनिकांची टोळी, दुसऱ्या टोकाला पाठवून दोन व्हीपी ताब्यात घेऊन ठेवले होते, वीस मिनिटं. मी मिनीमॅपकडे, म्हणजे कोपऱ्यातल्या छोट्या नकाशाकडे, बघतच नव्हतो.

व्हीपी सोडले तर बाकी सगळा नकाशा तुकड्यांमध्ये वाटलेला असतो, प्रत्येक तुकड्यात एक झेंडा, पायदळाची स्क्वाड तिथे उभी केली की काही सेकंदांत तो तुकडा तुमचा. त्यातून तुम्हाला म्युनिशन आणि फ्युएल मिळतं. तिसरी गोष्ट मॅनपॉवर, ती झेंड्यांवर फारशी अवलंबून नसते, आपोआप येत राहते, पण जितकी फौज मोठी तितका तिचा खर्च कापला जातो त्यामुळे येण्याचा वेग कमी होतो. म्युनिशन म्हणजे ग्रेनेड, सुरुंग, जास्तीची शस्त्रं, आकाशातून बॉम्ब वगैरे चैनी. फ्युएल म्हणजे पुढच्या इमारती आणि रणगाडे. म्हणून ज्याच्या ताब्यात फ्युएलचे झेंडे त्याचा रणगाडा आधी येतो, आणि आधी आलेला एक रणगाडा कधीकधी अख्खी मॅच फिरवतो. हे अगदी खऱ्यासारखंच आहे बरं का, डिसेंबर १९४४ मध्ये आर्डेनच्या लढाईत पायपर या अधिकाऱ्याची जर्मन तुकडी सगळ्यात पुढे घुसली होती आणि इंधन संपल्यावर बेल्जियममधल्या ला ग्लेझ गावात रणगाडे आणि गाड्या तिथेच टाकून रात्री पायी माघारी गेली. त्यातला एक किंग टायगर रणगाडा अजून त्या गावात उभा आहे.

यातली एक गोष्ट ट्यूटोरियलमध्ये पटकन निघून जाते आणि लोक महिनोन्महिने तशीच खेळतात. तुमचा झेंडा तुमच्या बेसशी जोडलेला असायला हवा, म्हणजे मधले सगळे तुकडे तुमचेच हवेत. मधला एक जरी तुकडा समोरच्याने घेतला तर त्याच्या पलीकडचं सगळं नुसतं रंगाने तुमचं दिसतं, उत्पन्न बंद. त्या मधल्या तुकड्याला कटऑफ म्हणतात. प्रत्येक नकाशावर एक-दोन असे घाणेरडे कटऑफ असतातच, आणि नवीन खेळाडूने नकाशा शिकायचा म्हणजे आधी हे शोधायचे, आपला कुठला आणि त्याचा कुठला. फ्युएलच्या झेंड्यावर तीन स्क्वाड घेऊन डोकं फोडण्यापेक्षा मागे जाऊन एका स्क्वाडने कटऑफ घेतला की समोरचा आपोआप धावत मागे येतो.

आता मुख्य गोष्ट. कुठल्याही नवीन माणसाने मला विचारलं की एकच सल्ला दे तर मी म्हणतो टी बटण. क्लासिक बटणांमध्ये टी म्हणजे रिट्रीट, स्क्वाड निवडा आणि दाबा, सगळे जीव घेऊन बेसकडे पळत सुटतात, वाटेत तुमचं काही ऐकत नाहीत, आणि पळताना त्यांना गोळी लागण्याची शक्यता बरीच कमी असते. नवीन माणसाला हे भ्याडपणाचं वाटतं. त्याला वाटतं अजून दोन जण उरलेत ना, लढू दे, जाता जाता एखादा मारतील.

गणित बघा. रशियन कॉन्स्क्रिप्टची, म्हणजे साध्या शिपायांची स्क्वाड, ६ जण, २४० मॅनपॉवर. त्यातले ५ मेले आणि १ जण पळून बेसला आला, तर परत भरायला माणशी २०, म्हणजे १०० मध्ये स्क्वाड पुन्हा पूर्ण. तोच शेवटचा माणूस पळाला नाही आणि मेला तर नवीन स्क्वाडला २४०. म्हणजे त्या एका माणसाची किंमत १४० आहे, आणि तो जाता जाता फार तर एक जर्मन मारणार ज्याला भरायला समोरच्याला ३० लागतात. शिवाय जी स्क्वाड लढून टिकते तिला अनुभवाचे तारे मिळतात, त्याला व्हेट म्हणतात, तीन तारेवाली स्क्वाड नव्या स्क्वाडपेक्षा कुठल्या कुठे चांगली लढते, आणि ती मेली की ते तारे पण गेले, ते विकत मिळत नाहीत. शिर सलामत तर पगडी पचास, इथे हे अक्षरशः हिशेबात बसतं. चांगले खेळाडू मॅच संपेपर्यंत पहिल्या पाच मिनिटांत काढलेल्या स्क्वाड जिवंत ठेवतात, आपण तोपर्यंत तीच चौथ्यांदा विकत घेत असतो आणि मग विचारतो की याच्याकडे रणगाड्यासाठी मॅनपॉवर येते कुठून.

कधी पळायचं याचा नियम नाही, पण अंदाज सांगतो. ६ जणांत ३ उरले आणि समोरून मार चालूच आहे तर आत्ताच. चारची जर्मन स्क्वाड असेल तर दोनवर आली की. आणि मागचा रस्ता शत्रूमधून जात असेल तर त्याच्याही आधी, कारण स्क्वाड बेसकडे सगळ्यात जवळच्या वाटेने पळते, वाटेत मशीनगन बसलीये की नाही हे ती बघत नाही. माझ्या सगळ्यात जास्त स्क्वाड लढताना नाही, पळताना मेल्यात, कारण मी उशिरा पळवलं. आणि उलटी चूकही आहे, एक गोळी लागली की टी दाबणारे. तेही नको, कारण बेसला जाऊन परत यायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ तो भाग समोरच्याला फुकट.

पुढचा हमखास प्रश्न, माझे लोक जास्त असून मरतात कसे. कव्हर. माउस जमिनीवर फिरवला की ठिपके दिसतात, हिरवे, पिवळे, लाल. हिरवा म्हणजे दगडी भिंत, वाळूच्या गोण्या, पक्का आडोसा. पिवळा म्हणजे झाडंझुडपं, खड्डे, बरा आडोसा. लाल म्हणजे उघडा रस्ता वगैरे, तिथे उभं राहणं म्हणजे नुसत्या आडोसा नसलेल्या जागेपेक्षाही वाईट. सारख्याच दोन स्क्वाड, एक हिरव्यात आणि एक रस्त्यावर, तर ती लढाई नाहीच, तो हिशेब आहे. म्हणून चालता चालता गोळ्या घालत पुढे जाऊ नका, आडोशापासून आडोशाला जा. हां, आणि आडोसा दिशेचा असतो. भिंतीच्या मागे आहात पण शत्रू तुमच्याच बाजूला आलाय तर भिंत काय कामाची. अगदी अंगावर येऊन भिडला तरी उपयोग उरत नाही. आणि आगीला, म्हणजे मोलोटोव्ह (पेटती बाटली) किंवा फ्लेमथ्रोअरला, आडोसा कळत नाही.

मग येते मशीनगन, जिच्यामुळे निम्मे लोक गेम सोडून देतात. खरी एमजी ४२, म्हणजे जर्मन मशीनगन, मिनिटाला साधारण १२०० गोळ्या झाडायची आणि गेममध्ये तिची भीती नेमकी पकडलीये. ती माणसं फार मारत नाही, ती माणसं झोपवते. तिच्या समोरच्या पंख्यासारख्या कोनात आलात की स्क्वाड आधी सप्रेस होते, म्हणजे सरपटायला लागते, निशाणा बिघडतो, आणि तरी तिथेच राहिलात तर पिन, म्हणजे मान वर काढत नाहीत. शिवाय एका स्क्वाडवर मारा झाला की चिकटून चालणाऱ्या बाकीच्याही सप्रेस होतात. म्हणून सगळी फौज एकाच बॉक्समध्ये निवडून एकच क्लिक करून पुढे पाठवायची जी सवय असते, ज्याला ब्लॉब म्हणतात, तिला एक एमजी पुरते. चार स्क्वाड एका जागी पालथ्या.

एक प्रसंग घ्या, रोज होतो. रस्त्यापलीकडे दोन मजली घर, खिडकीत एमजी ४२, तुमच्याकडे तीन कॉन्स्क्रिप्ट. नवीन माणूस काय करतो, तिन्ही रस्त्यावरून सरळ. रस्त्याच्या मध्यावर पोचेपर्यंत तिन्ही झोपल्या, तो हसतोय. आता दुसऱ्यांदा. पहिली स्क्वाड रस्त्याच्या अलीकडे दगडी कुंपणामागे हिरव्यात थांबवा, एमजीच्या कोनात, थोडा मार खाऊ दे, तिचं कामच ते आहे की एमजीचं तोंड तिकडे राहिलं पाहिजे. दुसरी स्क्वाड मिनीमॅपवर लांबून, कुंपणाच्या टोकाला वळसा घालून घराच्या मागच्या बाजूला न्या, घाई नको, वाटेत दिसली नाही पाहिजे, भिंती आणि झाडांमागून नजर पलीकडे जात नाही हे लक्षात ठेवा. घराजवळ आली की ऊरा, म्हणजे कॉन्स्क्रिप्टचं धावायचं बटण, दाबा, दहा-पंधरा पावलांचं अंतर धावत, आणि खिडकीतून मोलोटोव्ह आत. आता एमजीवाल्याकडे दोनच मार्ग, आत जळत राहायचं किंवा बाहेर यायचं, आणि बाहेर आला की गन गुंडाळून पुन्हा मांडायला वेळ लागतो, तेवढ्यात तिसरी स्क्वाड दुसऱ्या कुशीतून. तोही शहाणा असेल तर टी दाबून पळेल. पळू दे! घर तुमचं, रस्ता तुमचा, झेंडा तुमचा, आणि तो परत येईपर्यंत दीड-दोन मिनिटं गेली. गनवाले सगळे मेले आणि गन तशीच पडली तर तुमची स्क्वाड ती उचलू शकते, त्याच्याच गनने त्यालाच. याहून मजेशीर फार कमी गोष्टी आहेत.

दोन कुशींतून जमत नसेल तर धूर. धुराचा गोळा एमजीसमोर पडला की तिला दिसत नाही, दिसत नाही तर मारता येत नाही. माझ्या मते धूर हा या गेममधला सगळ्यात कमी वापरला जाणारा पदार्थ आहे, कारण त्याने कोणी मरत नाही आणि आपल्याला सगळ्यांना काहीतरी मेलेलं बघायचं असतं.

रणगाड्यांबद्दल कमी बोलतो कारण तिथवर नीट पोचलात तर अर्धं काम झालेलं असतं. जर्मन पॅन्झर ४ रणगाड्याला ६४० जीव, रणगाडाविरोधी तोफेचा म्हणजे एटी गनचा एक नीट बसलेला गोळा १६० चा, म्हणजे चार गोळ्यांत खेळ खलास. त्याहून मोठ्या पँथरला ९६०, म्हणजे सहा. हे गणित तोंडपाठ ठेवलं की कळतं की दोन गोळे बसले की मागे यायची वेळ झाली, तीन बसल्यावर उशीर होतो. का, तर रणगाड्याला टी बटण नाही. त्याला तुम्हालाच मागे आणावं लागतं, आणि तेही रिव्हर्समध्ये, वळवून नाही, कारण मागचं चिलखत पातळ असतं आणि वळताना नेमकी तीच पाठ समोरच्याला दाखवली जाते. पायदळाकडे पॅन्झरफाउस्ट (हातात धरून डागायचं रणगाडाविरोधी अस्त्र) किंवा एटी ग्रेनेड असेल तर तो बसला की बरेचदा इंजिन बिघडतं आणि रणगाडा रांगायला लागतो, मग त्याला कोणीही गाठतं. म्हणून एकट्या रणगाड्याने पळणाऱ्या दोन सैनिकांचा पाठलाग करत त्यांच्या बेसपर्यंत जाऊ नका. मी गेलोय. दोन सैनिक मिळाले, रणगाडा गेला.

आणि समोरून रणगाडा आला तर घाबरून आपलाही रणगाडाच हवा असं नाही, एटी गन स्वस्त आहे, फ्युएल लागत नाही, फक्त ती एकटी पुढे ठेवू नका, पुढे पायदळ, मागे तोफ.

कुठली फौज घ्यावी यावर लोक तासन्‌तास भांडतात. माझं मत, दुसऱ्या भागात जर्मन ओस्टहीर घ्या कारण त्यात एमजी, एटी गन, मॉर्टर लवकर मिळतात आणि गेमची भाषाच शिकायला मिळते, तिसऱ्या भागात अमेरिकन सोपी पडते, आफ्रिका कोअर सुरुवातीपासून गाड्या पळवणारी म्हणून थोडं नंतर. पण खरं सांगायचं तर कुठलीही एक घ्या आणि निदान वीस मॅच बदलू नका. हरलं की फौज बदलायची ही जी खोड आहे तिच्यामुळे सहा महिन्यांनीही पाच फौजा अर्धवट येतात आणि एकही धड येत नाही.

बोटं भराभर चालली पाहिजेत का? काही प्रमाणात हो, पण लोक समजतात तितकं नाही. इथे शेकडो सैनिक नसतात, मॅचच्या मध्यावर आठ-दहा युनिट असतात. तीन सवयी लावल्या तरी भागतं. एक, स्क्वाडना कंट्रोल आणि आकडा दाबून नंबर द्या, म्हणजे शोधत बसावं लागत नाही. दुसरी, दर काही सेकंदांनी मिनीमॅपवर नजर, आरशात बघतो तशी गाडी चालवताना. आणि तिसरी, मॅनपॉवर साचू देऊ नका. ५००-६०० साचलीये म्हणजे दोन स्क्वाड तुमच्या खिशात झोपल्यात आणि समोरच्याच्या मैदानात आहेत. लढाई बघण्यात आपण एवढे गुंगतो की बेस विसरतो, हे सगळ्यांचं होतं, मला अजून होतं. सुरुवातीला स्क्वाड एकत्र न नेता वेगवेगळ्या झेंड्यांवर पाठवा, इंजिनिअरला म्हणजे बांधकाम करणाऱ्या स्क्वाडला घरी बसवू नका, एवढं केलं तरी पहिली पाच मिनिटं बरी जातात.

सराव कुठे करायचा, तर आधी कॉम्प्युटरसोबत. तिसऱ्या भागाच्या सिंगल प्लेअरमध्ये तर गेम थांबवून हुकूम देता येतात, एमजीला वळसा घालणं तिथे थांबवून थांबवून करून बघा, हात बसतो. पण कॉम्प्युटरविरुद्ध पन्नास मॅच जिंकून मग ऑनलाइन जाऊ असं करू नका, तो माणसासारखं वागत नाही, त्याला फसवण्याच्या ज्या सवयी लागतात त्या माणसापुढे उघड्या पडतात. काठिण्याची मधली पातळी आरामात हरवता आली की निघा. आणि चार विरुद्ध चारमध्ये लपून बसण्यापेक्षा एकास एक खेळा, तिथे दोष द्यायला कोणी साथीदार नसतो हीच त्याची मजा आणि हाच त्रास. सुरुवातीच्या दहा-पंधरा मॅच हराल, गेमला तुमची पातळी कळेपर्यंत तो कोणाशीही जुळवतो, त्यात कमीपणा काही नाही.

हरलात की रिप्ले बघा, पण आपल्या बाजूने नाही, समोरच्याच्या बाजूने बघा. मी ती पहिली मॅच नंतर तशी बघितली. माझ्या तिकडे जंगलात तोफा धडधडत होत्या आणि त्याची ती फाटकी स्क्वाड, तीन माणसं, एका व्हीपीवरून दुसऱ्यावर निवांत चालत होती, मध्ये एकदा माझी स्क्वाड दिसली तर झाडांमागे थांबली, माझी पुढे निघून गेली, मग परत चालायला लागली. पूर्ण मॅचमध्ये तिने एकही माणूस मारला नव्हता.